पावसावरचा ठपका

रोहिणी नक्षत्र सरत आले, की आजऱ्यातील माणसांचे लक्ष आभाळाकडे जाण्यापूर्वी स्वतःच्या छपराकडे जाते. कोकणातून आंबोलीचा घाट चढून आलेले ढग एकदा या टापूवर ओणवले, की हिरण्यकेशी दुथडी भरून वाहू लागेपर्यंत आणि रामतीर्थाच्या खडकांवरून पाण्याचा गढूळ लोट कोसळू लागेपर्यंत ते मागे हटत नाहीत. आणि म्हणून मृगाआधी घर शाकारून घेणे, फुटकी कौले काढून नवी बसविणे, आढ्यापाशी किंवा भिंतीच्या कडेशी उघडा पडलेला सांधा बुजविणे, ही कामे येथे सणवाराइतक्याच नियमाने होत असतात. ज्याने ती वेळेवर केली नाहीत त्याच्या माजघरात आषाढातील एखाद्या रात्री ठिबक सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ चारचौघांत सांगतो, की यंदा पाऊसच विलक्षण झाला. पाऊस बहुधा दरसालासारखाच झालेला असतो. गळती वैशाखातच तयार होती; आषाढाने तिचा फक्त पुकारा केला.

पावसावर ठपका ठेवून मोकळे होण्याची ही सवय केवळ कौलारू घरांपुरती मर्यादित असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका बलाढ्य साम्राज्याच्या विमानखात्याने याच सवयीचा आश्रय घेतला होता, आणि तोही हिंदुस्थानातील पावसाच्या बाबतीत, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक नसावी. ती हकीकत विमानाच्या पंखाच्या सांध्यांची आहे. ती समजून घ्यायची, तर जे लोक हौसेने घरच्या घरी विमान बांधतात त्यांच्या कामापासून आरंभ करणे सोयीचे पडेल. कारण कारखान्यात जे काम दहा खात्यांत विभागलेले असते ते या एकट्या माणसाच्या हातून होत असते, आणि त्यामुळे त्यातील प्रत्येक पायरी डोळ्यांना स्वच्छ दिसते.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे अद्भुत वाटते. अमेरिकेत ती एक प्रस्थापित हौस आहे. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबरेझ्नी यांनी अशा हौशी बांधकाम करणाऱ्यांची एक संघटना स्थापन केली, आणि तेथील कायद्याने त्यांना अशी मुभा दिली, की विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी स्वतःच्या हातांनी केलेला असेल, तर त्या विमानास प्रायोगिक वर्गात उड्डाणाचा दाखला मिळू शकेल. आपल्या महाराष्ट्रात या हौसेचे सर्वश्रुत उदाहरण म्हणजे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईच्या कांदिवलीतील चारकोप येथे, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरी त्याची नोंद झाली. आणि उड्डाणाचा परवाना हाती यावयास २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. वृत्तपत्रांनी या प्रकरणातील गच्ची, कर्ज, कुटुंबाचा त्याग आणि सरकारी कागदांचा प्रवास यांविषयी रकाने भरून लिहिले, आणि ते लिहिण्याजोगे होतेच. मात्र त्या पंखांचा पत्रा कसा बसविला, सांधे कसे बंद केले, असा प्रश्न वार्ताहरांपैकी क्वचितच कोणाला सुचला असेल. आपल्याला एकच प्रश्न सुचतो: उडाले का? शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, तिच्यासाठी भांडलो, आणि तिला समकालीन असा विश्वसनीय पुरावा नाही हे दाखवून दिल्यावर रुसलोही. पण त्या कथेत पंखाला कापड लावले होते की कातडे, आणि त्याची शिवण कशाने बंद केली होती, हे विचारावे असे तिच्या कोणाही अभिमानी माणसास वाटलेले दिसत नाही. ज्या यंत्राचा सांधा कोणी पाहिला नाही, त्या यंत्राविषयी मला व्यक्तिशः फार काळ उत्साह टिकविता येत नाही.

पंख म्हणजे काय, तर आत एक सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले आवरण. लांबीभर जाणारा जो मुख्य आधार त्याला स्पार म्हणतात, त्याला आडव्या बसविलेल्या वळणदार फळ्यांना रिब म्हणतात, आणि या दोहोंवर जे कापड, प्लायवूड, ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा काचतंतूंचे कवच चढते ती पंखाची त्वचा. उड्डाणात पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा अधिक असतो आणि या फरकावरच सारे वजन तोलले जाते. ८०० किलो वजनाच्या विमानाला १० चौरस मीटर पंख असेल, तर दर चौरस मीटरवर सरासरी ८० किलोंचा भार पडतो. आवरणात फट राहिली, की अधिक दाबाची हवा तेथून वर जाण्यास धडपडते आणि पंखाची तेवढी शक्ती वाया जाते. म्हणूनच ग्लायडरचे मालक पंख आणि त्याच्या हलत्या झडपा यांमधील बारीक फटसुद्धा पट्टी चिकटवून बंद करतात. राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडविले त्याच्या पंखांवर साधे, कोणताही लेप न दिलेले मलमलीसारखे सुती कापड होते, ही गोष्ट आज ऐकताना नवल वाटते. थोड्याच वर्षांत कापडावर सेल्युलोजपासून केलेले 'डोप' नावाचे रोगण फासण्याची पद्धत रूढ झाली. त्याने कापड आकसून ताठ होते आणि त्याची छिद्रे बुजून ते हवाबंद होते. या रोगणाला दमट हवेचे मात्र वावडे आहे. ते वाळताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील ओलावा त्यावर जमतो आणि सारा लेप पांढुरका व कमकुवत होऊन बसतो. आजऱ्यात कोणी हा उद्योग आरंभला, तर मृगापासून हस्तापर्यंत त्याला डोपचा डबा उघडता येणार नाही, आणि कार्तिक लागेपर्यंत रिबा घासत बसण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

आता ती महायुद्धातील हकीकत. डी हॅविलँड कंपनीचे 'मॉस्किटो' हे विमान, ज्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले, ते धातूच्या त्या काळात लाकडाचे होते: बर्चच्या पातळ प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्साचा गाभा, आणि सांधे गोंदाने जोडलेले. फर्निचर करणारे कारागीर ते बांधू शकत, आणि त्याचा वेग असा होता, की प्रारंभी शत्रूच्या लढाऊ विमानांना ते सापडतच नसे. हे विमान हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले, आणि १९४४ च्या उत्तरार्धात त्याचे अनेक अपघात झाले. पंखांची वरची त्वचा मुख्य स्पारपासून उचलली जात असल्याचे आढळले. पहिला संशय गोंदावर गेला. दुधापासून काढलेल्या केसीनचा तो गोंद उष्णतेने आणि पावसाळी हवेने निकामी होतो, असे बोलले जाऊ लागले. कंपनीचेच मेजर हेरवर्ड डी हॅविलँड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक चौकशीसाठी हिंदुस्थानात आले, आणि डिसेंबर १९४४ च्या आरंभी त्याने असा अभिप्राय दिला, की गोंद बिघडलेला नाही. ओल्या पावसाळ्यात विमानाचा सांगाडा आकसल्यामुळे हे घडले. पावसाळ्यात ज्याच्या घराची दारे फुगून चौकटीत अडकतात त्याला हे आकसण्याचे कारण थोडे चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. पण तो प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.

यानंतर जी चौकशी झाली तिचा निकाल निराळा होता. दोष बांधणीचा आहे, असे तीत स्पष्ट म्हटले होते. इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे विमान-उत्पादन खात्याच्या पथकाने मॉस्किटोचे सहा निरनिराळे प्रकार तपासले, तेव्हा त्या सर्वांत सारखेच दोष आढळले; ही सारी विमाने हॅटफील्ड आणि लीव्ह्सडेन येथील कारखान्यांतून निघालेली होती, आणि त्यांपैकी एकानेही मान्सूनचे तोंड पाहिले नव्हते. चिकटविण्याचे कामच पुष्कळ अंशी असमाधानकारक होते, हा तपासनिसांचा निष्कर्ष. इतके होऊनही हवाई मंत्रालयाने बाहेर जी भूमिका ठेवली ती पहिल्याच अहवालाची: अपघात मुख्यतः हवामानामुळे झाले. विमानावरचा वैमानिकांचा आणि लोकांचा विश्वास ढळू नये हा त्यामागील हेतू युद्धकाळात समजण्यासारखा आहे, हे मी कबूल करीन. तथापि हॅटफील्डमधील एखाद्या बाकावर घाईने ओढलेल्या गोंदाच्या कुंचल्याचा जबाब हिंदुस्थानच्या पावसाळ्याने द्यावा, हा न्याय आजऱ्यातील त्या गळक्या घराच्या मालकालासुद्धा सुचला नसता. तो निदान स्वतःच्या गावच्या पावसाला दोष देतो.

या प्रकरणात उपाय म्हणून जे केले गेले ते मोठे बोलके आहे. पाणी आत झिरपू नये म्हणून पंखाच्या लांबीभर, त्वचेच्या जोडावर, प्लायवूडची एक पट्टी बसविण्यात आली, आणि तो सबंध सांधा तिच्याखाली बंद केला गेला. म्हणजे वादात पाऊस दोषी ठरो वा कारागीर, हात शेवटी वळला तो सांध्याकडेच.

लाकडी पंख बांधणाऱ्या हौशी माणसाला या इतिहासातून जे घ्यायचे ते त्याच्या कामाच्या क्रमात आधीच गोवलेले असते. पंखाची वरची बाजू बसली, की आतील जागा पुन्हा कधीही उघडी पडायची नाही; म्हणून बंद करण्यापूर्वी आतले प्रत्येक लाकूड रोगणाने अथवा इपॉक्सीने लेपावे लागते, आणि तरीही ज्या ज्या रेषेवर पुढे गोंद लागणार आहे ती रेषा कोरडीच राखावी लागते, कारण रोगणावर लावलेला गोंद लाकडाला धरीत नाही, रोगणाला धरतो, आणि रोगण सुटले की सारेच सुटते. या रेषांवर कागदी पट्ट्या चिकटवून रोगण द्यायचे, मग पट्ट्या काढायच्या, आणि कोठे थेंब ओघळला आहे काय हे आरशाने व दिव्याने पाहायचे, असे ते चिकाटीचे काम. इपॉक्सीचीही एक खोड आहे: दमट हवेत काही जातींच्या लेपावर मेणासारखा पातळ थर चढतो, आणि तो पाण्याने धुऊन घासून काढल्याखेरीज वरचा थर नीट बसत नाही. एवढे करून पंख पूर्ण बंद करून टाकावा, तर तेही चुकीचे. दिवसा तापलेली आतील हवा रात्री गार होते आणि तिच्यातील बाष्पाचे दव आतल्या आत जमते. त्या पाण्याला वाट हवी. म्हणून प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे बारीक छिद्र ठेवतात, आणि रंग देताना ते बुजणार नाही याची दक्षता घेतात.

धातूच्या पंखात पाण्यापेक्षा पेट्रोलची चिंता अधिक. अमेरिकेत रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ साली ज्या 'आरव्ही' विमानांचे आराखडे व सुटे भाग विकण्यास आरंभ केला, आणि ज्यांची हजारो विमाने आज जगभर उडत आहेत, त्यांपैकी बहुतेकांत इंधनाची वेगळी टाकी बसवीत नाहीत; पंखाची पुढील धार हीच टाकी असते. पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आत रिबा, मागे एक आडवी पट्टी, आणि या सर्वांना जोडणारे शेकडो रिव्हेट. प्रत्येक रिव्हेट म्हणजे एक छिद्र, आणि प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीची एक शक्यता. त्यावर तोडगा म्हणजे पॉलिसल्फाइड जातीचे सीलंट. १९२० च्या दशकात जोसेफ पॅट्रिक नावाचा अमेरिकन रसायनज्ञ मोटारीच्या पाण्याला गोठू न देणारे द्रव्य शोधीत असताना त्याच्या भांड्यात एक दुर्गंधी, रबरासारखा गोळा तयार झाला, जो कशातच विरघळेना, पेट्रोलमध्येही नाही. भांडे साफ करणाऱ्याला हा गुण शापासारखा वाटला असेल, परंतु पुढे महायुद्धाच्या काळात त्याचा द्रवरूप प्रकार निघाला आणि विमानांच्या टाक्यांना त्याच्याहून चांगला सोबती मिळेना.

हे सीलंट दोन डब्यांत येते: एकात पांढरट मूळ द्रव्य आणि दुसऱ्यात काळे, त्याला घट्ट करणारे. वजनाने १० भाग पहिले आणि १ भाग दुसरे, असे ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर तोलून, रंगाची एकही रेघ उरणार नाही असे घोटावे लागते. घोटल्या क्षणापासून मुदत सुरू होते. बांधणीत सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार २५ अंश तपमानात सुमारे २ तास कामायोग्य राहतो; तपमान पाच-साडेपाच अंशांनी वाढले की हा अवधी जवळजवळ निम्मा होतो, आणि हवेतील दमटपणा तो आणखी आखडतो. आजऱ्यातील मे महिन्याच्या दुपारी, पारा छत्तिसाच्या घरात असताना, या हिशेबाने हाती अर्धा तास उरेल. म्हणून शहाणा माणूस पहाटे उठतो, थोडे थोडेच कालवितो, आणि मदतीला येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवतो, की जुने कपडे घालून ये. कारण हे काळे चिकट द्रव्य एकदा हाताला लागले, की दाराच्या कडीला, टेलिफोनला आणि शेवटी गृहिणीच्या रागाला पोचतेच.

पण डबा उघडण्यापूर्वीचे काम अधिक महत्त्वाचे आहे. पत्र्याचा आणि रिबेचा जो भाग एकमेकांवर बसणार तो घासून खरखरीत करावा लागतो, आणि मग ॲसिटोनने पुसावा लागतो. पुसण्यातही एक बारकावा आहे. ॲसिटोन पत्र्यावर आपोआप वाळू दिले, तर त्यात विरघळलेले तेलाचे अंश पुन्हा पत्र्यावरच बसतात. म्हणून एका फडक्याने लावायचे आणि ते वाळण्यापूर्वीच दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्यायचे, आणि फडके पांढरे शुभ्र निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा. यानंतर त्या जागेला बोट लागले, तरी बोटाची चिकटाई पुरेशी असते; तेवढ्या ठशाखाली सीलंट धरत नाही. मग रिबेच्या कडेवर सीलंटचा पातळ थर, त्यावर पत्रा, आणि छिद्रांत 'क्लेको' नावाचे तात्पुरते स्प्रिंगचे चाप. यापुढे दोन माणसे लागतात: एक बाहेरून रिव्हेट-गन धरतो, दुसरा आत हात घालून लोखंडी ठोकळा टेकवितो, आणि सीलंट ओले असतानाच रिव्हेट ठोकले जातात. कडेने जे द्रव्य पिळून बाहेर येते ते तसेच पसरून सांध्याला गोलाई द्यायची, प्रत्येक रिव्हेटच्या आतल्या टोकावर एक थेंब झाकण म्हणून ठेवायचा, आणि कोपऱ्यांत, जेथे तीन पत्रे एकत्र येतात तेथे, कंजुषी करायची नाही. माझ्या मते या साऱ्या उद्योगातील कठीण भाग हातोटीचा नाहीच. पाचशेव्या रिव्हेटला पहिल्याइतकेच लक्ष देणे हा तो भाग आहे.

शेवटी मागची पट्टी बसते आणि टाकी बंद होते. आता परीक्षा. तीही मोठी घरगुती: टाकीची सर्व तोंडे बंद करून एका नळीला रबरी फुगा बांधतात, आत थोडी हवा भरतात, आणि साबणाचे पाणी सांध्यांवर फासून बुडबुडे शोधतात. येथे उतावळ्या माणसाने मोटारीच्या टायरचा कॉम्प्रेसर जोडण्याचा मोह आवरावा. चौरस इंचाला १ पौंड इतका किरकोळ वाटणारा दाबसुद्धा चौरस फुटावर ६५ किलो होतो, आणि पत्रा त्याने फुगून वाकडा होण्यास तेवढे पुष्कळ असते; फुगा असला की दाब आपोआप मर्यादेत राहतो. फुगा पहाटे मलूल आणि दुपारी टरटरीत दिसला म्हणून हर्ष वा शोक करू नये. हवा तापली की तो फुगणार आणि निवली की मिटणार. दोन पहाटांची तुलना करावी.

इतके करूनही पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर एखाद्या रिव्हेटभोवती निळसर डाग उमटतो. विमानाच्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो, आणि ते उडून गेले तरी रंग मागे राहतो. पूर्वी अशा वेळी टाकीत एक पातळ द्रव ओतून, ती सर्व बाजूंनी घुसळून, आतून सलग लेप देण्याची तजवीज करीत असत. सोपा उपाय म्हणून ती लोकप्रिय झाली, आणि मग काही वर्षांनी त्या लेपाचे पोपडे सुटून इंधनाच्या गाळण्या तुंबू लागल्या, तेव्हा तोच लेप काढून टाकण्याचा उद्योग मालकांच्या नशिबी आला. आता अशी एकटदुकट गळती असली, तर टाकी रिकामी करतात, तिच्यातील हवा अगदी किंचित ओढून घेतात, आणि डाग पडलेल्या रिव्हेटवर लॉकटाइटच्या अतिशय पातळ जातीचा एक थेंब सोडतात. आतील ओढीने तो फटीत शिरतो आणि तेथेच घट्ट होतो. गळती सांध्याची असली, तर मात्र हा थेंब उपयोगी पडत नाही. मग मागच्या पट्टीला हात जाईल एवढे भोक पाडायचे, आतले जुने सीलंट खरवडून पुन्हा ॲसिटोन, पुन्हा दोन फडकी, पुन्हा काट्यावर दहास एक, आणि ते भोक बंद करण्यासाठी कापलेल्या चकतीच्या कडेलाही तेच काळे द्रव्य, रिव्हेट ठोकण्याआधी.